गंजाबाईचा कठडा

माझ्या नणंदेला पार्कातले लोक 'गंजाबाई' म्हणत आणि ती ते नाव पदकासारखं मिरवायची. 'रंगारीण' म्हटलेलं मात्र तिला अजिबात खपायचं नाही. "रंगारी भिंत नवी करतो," ती म्हणायची, "मी जुनी करते. त्याला अक्कल लागते."

खोटं नव्हतं ते. ती काम करायची त्या करमणुकीच्या पार्कात निरनिराळ्या 'दुनिया' उभारल्या आहेत. एक चंद्रावरची, एक जंगलातली, एक पऱ्यांची. सगळ्यात आधीची म्हणजे 'जुनं बंदर', एका काळ्या-पांढऱ्या सिनेमावरून केलेलं. धक्का, गोदामं, समुद्र म्हणून एक मोठा हौद आणि कडेला गोल जिन्याचं दीपगृह. सगळं सिमेंट आणि लोखंड. त्यावर समुद्राचं म्हातारपण चढवायचं हे हिचं काम. स्पंजानं शेवाळ, ब्रशानं गंज, चाकूच्या टोकानं पोपडे. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मला चक्क खारा वास आला, आणि मी काही भाबडी बाई नव्हे.

या कामापायी हिची नखं कायम तांबडी. बघायला आलेल्या एका होणाऱ्या सासूनं त्यावरून टोमणा मारला, तर ही म्हणाली, "नखं धुता येतात हो, जीभ कशी धुणार तुम्ही?" लग्न तिथल्या तिथे मोडलं. माझ्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. मी त्या दिवशी नणंदेच्या ताटात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वाढलं.

पुढे ती निवृत्त झाली, माझे यजमान गेले आणि आम्ही दोघी एका छपराखाली भांडायला लागलो. दर रविवारी ती मला पार्कात ओढून न्यायची. तिथल्या कॅन्टीनमध्ये पार्कवेड्यांचं एक टेबल होतं. धडधाकट, शिकलेली, घरदार असलेली माणसं. पण चंद्राची दुनिया जंगलाशेजारी का बांधली, यावरून एकमेकांचे गळे धरायची. त्यातले दोघे मुख्य. एक मास्तर, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. बंदराचा तो सिनेमा त्यांना स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त आठवायचा. दुसरा हिशेबनीस. तो नोकरी करायचा दुसऱ्याच कंपनीत, पण पार्कचा वार्षिक ताळेबंद पोथीसारखा वाचायचा.

"गोदामाचं दार निळं नको होतं," मास्तर दर रविवारी सुरुवात करायचे. "सिनेमात ते हिरवं आहे."

"काळ्या-पांढऱ्या सिनेमात तुला हिरवं दिसलं? डोळे तपासून घे, मेल्या," गंजाबाई खेकसायची.

"छटेवरून कळतं!"

"दार राहू द्या," हिशेबनीस मध्ये तोंड घालायचा. "तिकीट वाढलं, नफा वाढला, आणि देखभालीचा खर्च? दरवर्षी खाली. ह्यांना हे पार्क नकोच आहे, ह्यांना फक्त गल्ला हवा आहे."

गंजाबाई एरवी कधी गप्प बसत नसे, पण देखभालीचा विषय निघाला की कॉफी ढवळत बसायची. मला वाटायचं, आकडे तिच्या डोक्यावरून जातात.

मग बातमी आली. जुनं बंदर पाडणार, आणि तिथे एका नव्या कार्टूनमधल्या उडत्या खारीची दुनिया येणार. टेबलावर जणू मयत झालं. सगळ्यात जास्त लागलं ते मास्तरांना. कारण त्या बंदरात एक रिवाज होता. सिनेमाच्या शेवटी नायिका दीपगृहाच्या कठड्यावरून अर्धी बाहेर झुकून, जाणाऱ्या जहाजाला रुमाल दाखवते. बंदरात येणारा प्रत्येक जण जिना चढायचा, तस्साच झुकायचा आणि रुमाल हलवून फोटो काढायचा. मास्तर वर्षानुवर्षं बायकोबरोबर झुकले, आणि ती गेल्यावर एकटे झुकले.

लोक फार ओरडले म्हणून व्यवस्थापकानं सभा बोलावली. गुळगुळीत माणूस, बोलणं मधाचं. हिशेबनीस तयारीनिशी उठला. मोठ्या पडद्यावर त्यानं फोटोंमागून फोटो दाखवले: गंजलेले खांब, तडे गेलेल्या भिंती, पोपडे, शेवाळ. "ही बघा तुमची देखभाल! नफा वर, आणि बंदर हे असं! लाज वाटते का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यवस्थापकही हसला. "अगदी बरोबर," तो म्हणाला. "बंदर धोकादायक झालंय, हे तुम्हीच पुराव्यानिशी दाखवलंत. आता पाडण्यावाचून इलाज आहे का?"

इतकी शिकलेली माणसं, आणि कुऱ्हाड स्वतःच नेऊन त्याच्या हातात दिली! ज्या जुनेपणावर ही मंडळी जीव टाकत होती, त्याचीच हेळसांड म्हणून जाहिरात केली त्यांनी. माझ्या तोंडून भर सभेत "गाढवं!" निघून गेलं. पण ते कुणी ऐकलं नाही, कारण शेजारी गंजाबाई खुर्ची पाडून उभी राहिली होती.

"तो गंज माझा आहे! ते तडे माझे! हातानं काढलेत मी!"

लोक हसले. व्यवस्थापक हसला नाही. "असं? मग उद्या या, आजी. खडू देतो. तुमचं काय आणि खरं काय, ते खुणा करून दाखवा. सगळं तुमचं निघालं तर बंदर राहील."

टेबलवाल्यांनी तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. घरी येऊन तिनं मात्र चपला कोपऱ्यात भिरकावल्या.

"आता काय झालं? जिंकलीस की."

"सगळा माझा नाहीये, वहिनी."

"म्हणजे?"

"शेवटी शेवटी लोखंड खरंच गंजायला लागलं होतं. मी माझ्या तेव्हाच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, यंदा दुरुस्तीला पैसे नाहीत, तू जरा मिसळून टाक. मग खऱ्या गंजावर मी माझा चढवला. दरवर्षी."

माझं डोकंच फिरलं. "आणि तू चढवलास? सासूच्या तोंडावर बोलणारी तू! तेव्हा तुझी जीभ काय गावाला गेली होती?"

"नोकरी होती."

"नोकरी होती म्हणे! आणि त्या कठड्यावरून लोकांची पोरं झुकत होती."

"माहीत आहे मला!" ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "तुम्ही सांगायला नको!" आणि दार आपटून खोलीत गेली. मीही तिला जेवायला हाक मारली नाही.

सकाळी आम्ही सगळे बंदरात जमलो. तिनं खडू घेतला. भिंतींवर ती फटाफट बोलत गेली. "माझं. हेही माझं. हा तडा नखाएवढाही खोल नाही, बघा घालून बोट." व्यवस्थापकाचं तोंड उतरायला लागलं, हिशेबनीस हात चोळायला लागला. मग ती दीपगृहाचा जिना चढली आणि कठड्याशी थांबली.

नखानं तिनं एक पापुद्रा उचलला. खाली तसाच तांबडा थर. तो खरवडला, त्याखाली आणखी एक. ती वाकली, चष्मा पुसला, पुन्हा वाकली.

"माझा म्हण," मास्तर मागून कुजबुजले. "अगं, म्हण की. एवढंच तर राहिलंय."

"गप्प बस."

"तुझा शब्द कोण तपासणार आहे?" हिशेबनीस म्हणाला. "तुझ्या एका शब्दावर सगळं आहे, गंजाबाई!"

ती गर्रकन वळली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. "मला ओळखू येत नाहीये!" ती किंचाळली. "माझंच काम, आणि मला ओळखू येत नाहीये! आणि तुम्ही म्हणता, माझा म्हण? उद्या कुणी खाली गेलं, तर तोही माझाच म्हणू?"

तिनं कठड्यावर फुली मारली, खडू मोडेस्तोवर. उरलेल्या तुकड्यानं जिन्याच्या धरायच्या दांडीवर मारली, मग खांबांवर. खाली आली तेव्हा लोखंड म्हणून जे जे होतं त्यावर फुली होती. भिंती तेवढ्या कोऱ्या.

"कठडा बदला, खांब बदला," ती व्यवस्थापकाला म्हणाली. "भिंती आणखी दोन पिढ्या जातील."

"आमच्याच अनुभवी कर्मचारी सांगतात म्हटल्यावर," तो इतरांकडे वळून म्हणाला, "प्रश्नच मिटला." आणि त्यानं तिचे आभार मानले! ज्या कंपनीनं तिला झाकायला लावलं, तिनंच आता झाकल्याचा पुरावा तिच्या हातून लिहून घेतला. त्याच्या कानाखाली वाजवायचं माझ्या मनात आलं होतं. वयाचा मान राखला, माझ्या.

टेबलवाल्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. फितूर म्हणाले. तेही तिनं गिळलं. पण पुढच्या आठवड्यात शहरभर जाहिराती लागल्या: जुन्या बंदराला अखेरचा निरोप, खास तिकीट, दुप्पट दर. ती तडक व्यवस्थापकाच्या खोलीत घुसली, मागोमाग मी.

"कठडा बदलला?"

"आजी, पाडायचंच आहे. मग त्यावर खर्च कशाला?"

"आणि तोवर लोकांना वर सोडणार? त्यासाठी जास्त पैसे घेऊन?"

"फलक लावलाय ना," तो म्हणाला. "स्वतःच्या जबाबदारीवर."

ती एक शब्दही बोलली नाही. यावरूनच मी ओळखलं की आता काहीतरी होणार. निरोपाच्या पहिल्या सकाळी तिनं आमच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी सोडली, घडीची खुर्ची बगलेत मारली, आणि दारं उघडताच दीपगृहाच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. दोरी आडवी बांधली. कठडा तिच्या पाठीमागे.

"टेकू नका! मागे व्हा! ए झिपऱ्या, कान आहेत ना?"

सुरक्षारक्षक आला. "आजी, उठा. साहेब ओरडतायत."

"साहेबाला म्हणावं, इथे येऊन झुकून दाखव. मग उठते."

रक्षकानं कठड्याकडे पाहिलं, फुलीकडे पाहिलं आणि तो खाली जाऊन उभा राहिला. साहेब काही वर आला नाही. लोक मात्र चिडले. दुप्पट पैसे भरलेले, आणि प्रत्येक फोटोत ही म्हातारी आठ्या घालून बसलेली. ती रोज आली, आणि नाइलाजानं मीही.

शेवटच्या दिवशी मास्तर आले. हातात इस्त्रीचा रुमाल. "सिनेमात या जिन्यावर म्हातारी नव्हती," ते म्हणाले. इतक्या दिवसांत हे पहिलं बोलणं.

"सिनेमात दार हिरवंही नव्हतं. मागे हो."

"एकदाच. हलकेच झुकतो. तिच्यासाठी."

"ती असती तर तिनंच तुला मागे ओढलं असतं. हलवायचा तर इथून हलव. जहाज कुठे जातंय, ते तुला पाठ आहे ना?"

मास्तर तिथेच, दोरीच्या अलीकडे, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी रुमाल हलवला. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. गंजाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हसणं घशातच राहिलं.

संध्याकाळपर्यंत माझे पाय भरून आले होते. मी जरा आधार घ्यायला हात मागे टाकला.

"वहिनी, टेकू नका!"

"अगं, भिंत आहे ही! तुझीच!"

तिनं मान वळवून नीट पाहिलं. तडा पाहिला, शेवाळ पाहिलं.

"मग टेका," ती म्हणाली, आणि पुन्हा जिन्याकडे तोंड करून ओरडायला लागली.