वीस बारकूंची टाकी

बारकू मेंगाळ यांच्या नावावर कागदोपत्री एकच शोध आहे: पाण्याने भरलेली टाकी म्हणजे वीस बारकू. तो ज्या अर्जात आहे त्याच्या तिन्ही प्रती मी पाहिल्या. तारखा जुळत नाहीत, आकडे जुळतात.

त्यांचा पाडा डोळखांबकडच्या डोंगरात. योजनेतून आलेली काळी टाकी तिथे दोन वर्षे उपडी पडून होती. विहिरीवर पंप होता, वरपर्यंत नळीही होती. पण टाकी बसवण्याच्या मंजुरीच्या अर्जातला एक रकाना रिकामा होता: 'भरलेल्या टाकीचा उतारावरील दाब'. जागा सपाट करावी, तर चौथऱ्याची योजना वेगळी, आणि तिचा अर्ज टाकी बसल्यावरच करायचा. तोवर बारकूंच्या पत्नी काशीबाई, दोन्ही गुडघे सुजलेले असताना, खालच्या विहिरीवरून रोज चार हंडे वर आणत होत्या.

चौथी शिकलेल्या बारकूंनी पाड्यावर येणाऱ्या आरोग्यसेविका आशाताईंचा वजनकाटा मागून आणला. सपाट अंगणात त्यांचे वजन बावन्न किलो भरले. मग काटा टाकीच्या जागी उतारावर टेकवून ते त्यावर बसले. पंचेचाळीस.

"बारकूदादा, सात किलो गेलं कुठं?" शेजारचा विठू ओरडला.

"उतारावर समदं वजन खाली दाबत नाय रे. थोडं घसराया बघतं."

दुपारपर्यंत अर्धा पाडा रांगेत होता. हिराबाई दोनदा बसल्या. "डाक्टरीणबाईला हितंच बोलवा. सारखी म्हनते, वजन कमी कर."

काशीबाई रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या. "आवं, उतारावर समदंच हलकं व्हतं ना? मंग माजाच हंडा कसा नाय व्हत?"

बारकूंनी त्यानंतर कोणालाही काट्यावर बसू दिले नाही. भरलेली टाकी एक हजार चाळीस किलो, म्हणजे वीस बारकू. उतारावरचा बारकू पंचेचाळीस, म्हणजे नऊशे किलो. बूड नऊ चौरस फूट. दाब: चौरस फुटास शंभर किलो. तिरक्या टाकीत वर थोडी जागा रिकामी राहते, हे त्यांनी धरलेले नाही.

कार्यालयातून साहेब आले. त्यांचा आक्षेप आकड्याला नव्हता, 'बारकू' या मापाला होता. त्यांनी चाचणी ठरवली: टाकी तारेने ऐनाच्या झाडाला बांधा, नळी तात्पुरती जोडा, टाकी भरा, एक दिवस पाहा, मग रिकामी करा, नळी काढा आणि टाकी पुन्हा उपडी ठेवून मंजुरीची वाट पाहा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाकीला हात लावून पाहिले. ती तसूभरही हलली नव्हती.

"ठीक. आता रिकामी करा."

काशीबाईंनी तोटीखाली हंडा धरला. "करते की, साहेब."

त्या अजून करत आहेत. सकाळी दोन हंडे, संध्याकाळी दोन. पातळी खाली गेली की बारकू पंप चालू करतात. महिन्याकाठी कार्यालयात पाठवलेल्या अहवालाच्या सव्वीस प्रती त्यांच्याकडे आहेत, सगळ्यांत मजकूर एकच: 'चाचणी पूर्ण. टाकी रिकामी करणे सुरू.'