हौदाजवळचा जोड

आक्काचा फोन आला तेव्हा मी एका दवाखान्याच्या माळ्यावर पंख्याची वायर ओढत होतो. "तुझ्या दाजींनी गरम पान्याचा टब आनलाय," ती म्हणाली. "बाहेर, उघड्यावर बसवायचा. लाईटचं काम तूच कर म्हनत्यात."

आक्का माझी थोरली बहीण. राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या पाण्याच्या अंगाला तिचं शेत आहे. दाजी साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि शेताच्या कडेला तीन खोल्या बांधून पुण्याच्या पाहुण्यांना देऊ लागले. हुरड्याच्या दिवसांत खोल्या भरतात. थंडीत उघड्यावर गरम पाण्यात बसायला मिळालं तर लोक आणखी येतील, हे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मी नगरला तीस वर्षं वायरमनचं काम करतो. घरं, दुकानं, गिरण्या, बोअरच्या मोटारी, सगळं केलं. पण माणूस ज्यात गळ्यापर्यंत बसणार त्या पाण्याशेजारी वीज नेली नव्हती.

रविवारी मापं घ्यायला गेलो. बोअरच्या बाजूला काँक्रीटचा नवा ओटा ओतला होता आणि त्यावर टब ठेवला होता. घरातल्या मेन बोर्डापासून तिथवर एकशे वीस फूट भरले. मी टेप गुंडाळत होतो, तेवढ्यात गाय सुटून हौदाकडे गेली. हौद ओट्यापासून दहा पावलांवर. ओल्या मातीत तिनं पुढचा एक खूर टेकला आणि थांबली. मान लांब केली, नाकपुड्या थरथरल्या, आणि ती मागं सरली. पुन्हा पुढं आली, पुन्हा मागं सरली. उन्हात उभी राहून ती नुसती पाण्याकडे बघत होती.

आक्का बादली घेऊन आली. गायीनं ती एका दमात संपवली.

"पंधरा दिस झालं, हौदात तोंड घालत न्हाई," आक्का म्हणाली. "बादलीत पानी तेच हाय की."

"माजलीय ती," दाजी म्हणाले.

मीही हसलो. गाय जे सांगत होती ते तिथं फक्त मला कळण्यासारखं होतं, आणि मी टेप खिशात घालून चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दाजी आणि मी नगरच्या कापड बाजारामागच्या एका दुकानात सामान घ्यायला गेलो. दुकानदारानं टबाचे स्विच बसवायला तीन डबे मांडले. पहिला पातळ पांढऱ्या प्लॅस्टिकचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा. दुसरा पत्र्याचा, रंगानं देखणा. तिसरा जाड, करडा, झाकणाभोवती रबराची पट्टी असलेला, आणि केबल शिरायची भोकं फक्त खालच्या बाजूला. दाजींनी पहिला उचलला.

"छपराखाली तर बसवायचाय. पाऊस कुठं लागतोय?"

"पावसाचं नाही, दाजी. वाफेचं भ्या आहे. टबाचं झाकण उघडलं की वाफ डब्यात शिरणार, गार झाली की आत पाणी होऊन टपकणार. पत्र्याचा दोन वर्षांत गंजेल. हा तिसराच पाहिजे."

"बरं. केबल तरी घरची वापर. बोअरची उरलीय की वेटोळंभर."

"ती बारीक आहे. एवढा हीटर आणि पंप एवढ्या लांबून ओढायचे म्हटल्यावर तापेल. आणि जमिनीत तिला कवच नाही. कुदळीचा एक घाव पुरे होतो."

शेवटी तांब्याची, तीन तारांची, वरून लोखंडी पट्ट्यांचं कवच असलेली सहा चौरस मिलिमीटरची जाड केबल घेतली. मग मी आरसीसीबी मागितला. थोडा जरी करंट भलत्या वाटेनं गेला, तरी हा खटका आपोआप पडतो आणि सगळं बंद करतो. दुकानदार तो खोक्यातून काढताना म्हणाला, "मागं एकानं नेला होता. सारखा पडतोय म्हणून काढून टाकला आणि तारा सरळ जोडल्या."

"मग?" दाजींनी विचारलं.

दुकानदारानं खोक्याची धूळ पुसली आणि पुढं सरकवलं.

गुरुवारी सामान घेऊन पोचलो, तर दाजींनी टब गळतो का बघायला तो काठोकाठ भरून ठेवला होता. शनिवारी पाहुणे येणार होते. पाणी सांडून ओट्याभोवती चिखल झाला होता. त्या चिखलात अनवाणी उभी राहून आक्का लोखंडी नळाखाली भांडं विसळत होती. नळ बंद करताना तिनं हात झटकन मागं घेतला आणि पदराला पुसला.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. शुगरचं हाय. बोटांना मुंग्या येत्यात. मागल्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळी वाढवली."

"कधी येतात?"

"नळ धरला की."

"घरातला नळ धरल्यावर?"

ती विचारात पडली. "न्हाई. ह्योच धरला की."

 मी पिशवीतून मीटर काढला. त्याची एक सुई नळाला लावली, दुसरी चिखलात, जिथं आक्काचे पाय उमटले होते तिथं खुपसली. आकडा चढत गेला आणि तीस व्होल्टच्या पुढं जाऊन हलू लागला. मान वर केली तर दाजी पायजमा दुमडून टबाच्या पायरीकडे निघाले होते. त्यांचे पाय ओले होते आणि एक हात टबाच्या स्टीलच्या दांडीकडे गेला होता.

"दाजी, थांबा! हात लावू नका!"

तीस वर्षांत मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. ते होते तसे थिजले. "पाय हलवू नका. कशालाच धरू नका," असं ओरडत मी घराकडे पळालो. ती एकशे वीस फूट वाट मला संपता संपेना. मागून दाजींचा आवाज येतो का, की पडल्याचा, याकडे कान लागले होते. मेन स्विच खाली ओढला आणि परत आलो. दाजी तसेच उभे होते, हात अर्धवट पुढं. सुया पुन्हा लावल्या, मीटर शून्यावर होता.

मग सगळ्यांना ओट्यापासून लांब उभं केलं आणि एकेक स्विच चालू करून बघितला. बोअरचा फ्यूज बसवला की आकडा परत चढायचा. मोटार बंद असली तरी चढायचा. म्हणजे बोअरची केबल जमिनीत कुठंतरी उघडी पडली होती, आणि मोटारीचं बटण बंद करूनही तिच्यातली वीज जात नव्हती.

मेन बंद ठेवून ओट्याच्या कडेनं खणायला घेतलं. हातभर खाली एक जोड लागला. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, डावीकडून उजवीकडे, शेवटी सुतळीची दुहेरी गाठ. ती बांधायची पद्धत मला माझ्या उस्तादांनी शिकवली होती. आमच्या भागात तसं दुसरं कुणी बांधत नाही.

बोअर खोल करायला लागला त्या दुष्काळाच्या साली जुनी केबल अपुरी पडली होती. गुरं पाण्याविना हंबरत होती. मी भर दुपारी घाईघाईनं तुकडा जोडला, वर माती लोटली आणि दाजींना म्हणालो होतो, "तात्पुरता आहे. आठ दिवसांनी येऊन सलग केबल टाकतो." गेलो नाही. बटणही त्याच घाईत चुकीच्या तारेवर बसवलं होतं, वीज आणणाऱ्या तारेऐवजी परतीच्या न्यूट्रलवर. म्हणून मोटार थांबायची, पण केबल जिवंतच राहायची. ओटा ओतताना कुदळीनं ट्यूब फाटली आणि पाणी आत शिरलं. गाय त्याच दिवसापासून लांब राहिली होती.

दाजी खड्ड्यात वाकून म्हणाले, "त्या गवंड्याचं काम आहे. कुदळ मारलेली दिसतेय."

एवढ्यावर सुटता आलं असतं. आक्काही माझ्याकडे बघत होती.

"कुदळ त्याची, दाजी. जोड माझा आहे," मी म्हणालो. बटणाचंही सांगितलं.

दाजी सरळ उभे राहिले. मग ओसरीवर जाऊन त्यांनी शनिवारच्या पाहुण्यांना फोन केला आणि येऊ नका म्हणाले. आक्कानं मला पाणी आणून दिलं. "मी उगाच गोळी वाढवून खाल्ली," एवढंच ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे चार दिवस मी तिथंच राहिलो. बोअरला पाइपातून सलग केबल टाकली, बटण योग्य तारेवर घेतलं, अर्थिंगचा नवा खड्डा केला. टबाचा डबा भिंतीवर असा बसवला की टबातून दिसावा, पण पाण्यात बसलेल्याचा हात पोचू नये. आरसीसीबीचं बटण दाबून तो पडतो का, हे दहा-बारा वेळा बघितलं. आक्काला नळाशी मुंग्या येणं थांबलं. तळपायाला येतात त्या मात्र खरंच शुगरच्या निघाल्या. पुढं पाहुणे आले. टबात बसून हसत होते, वाफ वर जात होती, आणि मी लांब उभा राहून डब्यावरची नजर काढू शकत नव्हतो. त्या टबात मी अजून बसलेलो नाही. दाजीही नाहीत.

त्यानंतर मी मोटारसायकलवर फिरायला लागलो. 'तात्पुरतं' म्हणून कुठं कुठं काय बांधून आलो ते आठवत बसतो, आणि आठवलं की जातो. काही ठिकाणी तिसऱ्यानंच कधीतरी नीट करून टाकलंय. दोन ठिकाणी लोकांनी चहा पाजला आणि मी पायाशी बसून त्यांच्याच घरातला माझा जोड कापला.

पाथर्डीकडच्या एका वस्तीवर गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. ऊसतोडीला सगळं कुटुंब गेलेलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "आता शिमग्याबिगर येत न्हाईत." न्हाणीतल्या पत्र्याच्या भिंतीला लागून मी एक वायर नेली होती, ती तशीच असणार. विजेचा मीटर बाहेरच्या भिंतीवर होता. त्याखालचा फ्यूज काढून मी म्हातारीच्या हातात दिला आणि दारावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं की, मी येईपर्यंत लाईट लावू नका. खाली माझा नंबर.

"एवढं काय झालंय?" तिनं विचारलं.

"अजून काही नाही," मी म्हणालो.

शिमगा होऊन गेला. फोन आलेला नाही. उद्या सकाळी परत जायचं ठरवलंय.