दहाचा फ्यूज

के. आर. पुरमच्या त्या सोसायटीत कुणाच्या गाडीचा हॉर्न मुका झाला किंवा काच खाली होईना, की लोक गॅरेजला फोन करण्याआधी तासगावकर सरांची बेल वाजवत. विद्याधर तासगावकर मूळचे मिरजेचे. चाळीस वर्षांपूर्वी सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बंगळुरूला आले, इथेच मुलं वाढवली आणि इथेच निवृत्त झाले. कारखान्यात त्यांना फारसं कुणी ओळखत नसे. पण रविवारी सकाळी मल्टीमीटर घेऊन ते पार्किंगमध्ये उतरले की चार जण भोवती जमत. पैसे ते घेत नसत. "सर, तुम्ही होतात म्हणून निभावलं," एवढं कुणी म्हटलं की त्यांचा आठवडा बरा जाई.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर हयवदनराव राहायला आले. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे उतरलेले. घरात मराठी टिकली होती, पण निम्मी कानडीत भिजलेली. बंगळुरूच्याच शिवाजीनगरात गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं छोटं दुकान होतं. गुडघे बोलू लागले तसं त्यांनी ते बंद केलं होतं. "मराठी माणूस शेजारी आला हो!" म्हणून शुभदाताईंना, म्हणजे विद्याधरांच्या पत्नीला, केवढा आनंद झाला. विद्याधर मात्र पहिल्याच भेटीनंतर म्हणाले, "मराठी कसली ती? दर वाक्यात 'थोडं'ला स्वल्प आणि 'बरं'ला सरी."

तोवर ती नुसती थट्टा होती. काटा रुतला तो सुप्रीताच्या गाडीवरून.

सुप्रीता तिसऱ्या मजल्यावर राहायची. दोन दिवस गाडी उभी राहिली की तिची बॅटरी पार उतरायची. विद्याधरांनी दोन रविवार खर्ची घातले, मोजमापं केली, वहीत आकडे लिहिले आणि निकाल दिला, "बॅटरी म्हातारी झाली. बदल." तिने नवी बॅटरी बसवली. तिसऱ्या दिवशी तीही उतरली.

हयवदनराव त्या वेळी भाजीची पिशवी घेऊन तिथून चालले होते. त्यांनी काय झालं ते विचारलं, डॅशबोर्डमधला कप्पा उघडला आणि आतल्या चिमुकल्या दिव्याला बोट लावलं.

"गरम आहे," ते म्हणाले. "कप्पा बंद झाला तरी हा विझत नाही. आतलं बटण मोडलंय, पाहा."

दिवा काढला, गाडी बरी झाली. सुप्रीता हसून विद्याधरांकडे वळली. "अंकल, इतकी सोपी गोष्ट होती!" तिच्या मनात काही नव्हतं. पण विद्याधरांच्या कानशिलांपर्यंत आग गेली. दोन रविवार! आणि त्या माणसाने खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

त्यानंतर लोक हळूहळू वळले. आधी सुप्रीता, मग सोसायटीचा सेक्रेटरी प्रणीत, मग सगळेच "अण्णा, जरा बघता का?" म्हणू लागले. विद्याधर बाल्कनीत वर्तमानपत्र उघडून बसत आणि पान न उलटता खालचे आवाज ऐकत. हयवदनरावांकडे मीटरही नव्हता. एक बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी, एवढंच त्यांचं हत्यार. दिवा लागला तर वीज येते, नाही लागला तर येत नाही. विद्याधरांना ते अडाणीपणाचं वाटायचं आणि तरी दर वेळी गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा. एकदा शुभदाताई डब्यात थालीपीठ भरताना दिसल्या.

"कुणाला?"

"हयवदन अण्णांना. काल त्यांनी माझी मिक्सरची वायर जोडून दिली."

"घरात इंजिनिअर बसलाय, त्याला सांगता आलं नाही?"

"तुम्हाला आठ दिवसांपासून सांगतेय," त्या म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या. विद्याधरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग एका सकाळी प्रणीतच्या गाडीचा हॉर्न हयवदनरावांनी दुरुस्त केला. फ्यूज सारखा उडत होता. कुठेतरी घासून उघडी पडलेली वायर त्यांनी शोधून झाकली आणि नवा फ्यूज लावला. दुपारी प्रणीत गाडी धुवायला खाली आला, तेव्हा विद्याधर तिथे रेंगाळले. "बघू तरी काय केलंय," म्हणत त्यांनी फ्यूजचं झाकण उघडलं. त्यांना आत चूक सापडायला हवी होती. वाटेल तसा मोठा फ्यूज ठोकून दिलेला असेल, अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. पण आत लाल रंगाचा, दहाचाच, म्हणजे दहा अँपिअरचा फ्यूज होता. जो हवा तोच. वायरीवरची पट्टीसुद्धा सुबक गुंडाळलेली होती. ते झाकण लावून वर आले.

वर येऊन त्यांनी सोसायटीच्या ग्रूपवर लिहिलं, "अर्धवट माहितीवर गाड्यांना हात लावणं धोक्याचं आहे. छोट्या फ्यूजच्या जागी मोठे फ्यूज घातले जात आहेत. उद्या वायरिंग पेटलं तर जबाबदार कोण?"

नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती.

संध्याकाळपर्यंत ग्रूपवर घबराट उडाली. दुसऱ्या दिवशी प्रणीतने नोटीस लावली की पार्किंगमध्ये कुणीही गाडीची दुरुस्ती करू नये. हयवदनरावांनी नोटीस वाचली, मान हलवली आणि आपला बल्ब घरी नेऊन ठेवला. विद्याधरांना वाटलं होतं की आता पुन्हा आपली बेल वाजेल. पण नोटीस त्यांनाही लागू होती. रविवार आले तसे गेले. हयवदनराव लिफ्टमध्ये भेटले की नुसता नमस्कार करत, आणि तो नमस्कार विद्याधरांना शिवीपेक्षा जास्त लागे.

गणपतीच्या आठवड्यात विद्याधरांचीच गाडी बसली. किल्ली फिरवली की टक्क असा आवाज यायचा, डॅशबोर्डचे सगळे दिवे मालवायचे आणि पुढे काहीच नाही. मीटर लावला तर बॅटरी ठणठणीत. त्यांनी तिची टोकं घासली, फ्यूज तपासले, वहीत आकृती काढली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, नोटीस मोडतोय हे कुणाला दिसू नये म्हणून बॉनेटखाली वाकून, त्यांनी तीन दिवस काढले. गॅरेजवाल्याला बोलवायची लाज वाटत होती. सगळ्या सोसायटीला दिसलं असतं.

तिसऱ्या दिवशी शुभदाताई खाली आल्या. "अण्णांना विचारा."

"नाही."

"का नाही?"

त्यांनी बॉनेट खाली ओढलं. मग कुणास ठाऊक कसं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी तो फ्यूज पाहिला होता. बरोबर होता. पाहूनच लिहिलं."

शुभदाताई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग हे मला कशाला सांगताय? वर जा."

हयवदनरावांनी दार उघडलं. "या, सर." विद्याधर उंबऱ्यातच उभे राहिले.

"ते ग्रूपवरचं तुमच्याबद्दल होतं."

"माहीत आहे."

"तुम्ही लावलेला फ्यूज मी आधी पाहिला होता. दहाचाच होता."

हयवदनरावांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "मला वाटलं, न बघता लिहिलंत. चूक समजून. ते सरी, माणूस चुकतो." ते थांबले. "बघूनसुद्धा लिहिलंत?"

"लोक तुमच्याकडे जायला लागले. मला सहन झालं नाही."

आतून कुकरची शिट्टी झाली. हयवदनराव म्हणाले, "चाळीस वर्षं दुकान चालवलं, सर. कुणी म्हटलं नाही की हयवदनने वायर पेटवली. गाडी बघायला येतो मी. पण आधी लिहा. जिथे ते लिहिलंत, तिथेच."

विद्याधर तिथल्याच खुर्चीत बसले. चार ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला. "मी लिहिलं ते खोटं होतं. हयवदनरावांचं काम मी स्वतः तपासलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती." त्यांनी ते पाठवलं. लगेच एकेकाच्या नावापुढे वाचल्याच्या खुणा उमटू लागल्या. त्यांनी फोन उलटा ठेवला.

मग दोघं खाली गेले. हयवदनरावांनी एक जाड केबल घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला चिमटवलं. "आता मारा."

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"बॅटरीकडून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी सडली आहे. दिव्यांपुरती वीज जाते, स्टार्टरला जोर पुरत नाही. पट्टी बदला, झालं."

चालत्या इंजिनाशेजारी विद्याधर उभे होते. गाडी सुरू झाली याचं समाधान होतं, पण त्याच्या तळाशी तीच जुनी कळ पुन्हा उठली. हे मला का सुचलं नाही? पुस्तकात शिकलोय मी हे! क्षणभर त्यांना हयवदनरावांचे ते तेलकट, निवांत हात बघवेनात.

"काय झालं, सर?"

"अजून जळतंय," विद्याधर म्हणाले.

हयवदनराव मोठ्याने हसले. "जळू दे. पण आता मला सांगून जळा."

नोटीस पुढच्या महिन्यात उतरवली गेली. प्रणीत बरेच दिवस विद्याधरांशी तुटक बोलत होता. सुप्रीता तर अजूनही त्यांना टाळते. लोक हयवदन अण्णांचीच बेल वाजवतात. अण्णांना वाकवत नाही, तेव्हा ते विद्याधरांना हाक मारतात. विद्याधर जातात. कधी मीटर घेऊन, कधी कपाळाला आठी घालून. पण जातात.