नाकात चढणारं तिखट

माझ्या सासूबाई, अनसाबाई, यांचं तिखट खाणं सगळ्या कवठे येमाईत ठाऊक होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मिरचीचा ठेचा त्या भाजीसारखा वाढून घ्यायच्या. २००३ साली त्यांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली; ठेचासुद्धा लागेना. घास तोंडात फिरवायच्या आणि काढून ठेवायच्या. महिन्याभरात हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शिरूरचे डॉक्टर म्हणाले, "पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात भरती करावं लागेल." देवघरातल्या येमाई देवीला दिवा लावताना मी रोज एवढंच मागायचे, आत्याबाईंना दोन घास जाऊ देत.

आमचे मालक, म्हणजे आत्याबाईंचा लेक, कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत कामाला होते. तिथल्या जपानी साहेबानं मायदेशी जाताना त्यांना कुरकुरीत हिरव्या वाटाण्यांचा पुडा दिला. आत्याबाईंनी उगीच एक दाणा तोंडात टाकला आणि एकदम नाक दाबून धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगं बया! जिभंला कायच न्हाई, समदं नाकात गेलं की!"

मी पाणी घेऊन धावले, तर त्यांनी हात पुढं केलेला. "पानी ऱ्हाऊ दे. आजून दे."

त्या वाटाण्यांबरोबर दूधभाकरीचे चार घासही गेले. पण तीन दिवसांत पुडा संपला आणि ताट पुन्हा जसंच्या तसं परत यायला लागलं. मालक म्हणाले, "त्यात तिकडचं वासाबी का काय ते तिखट मूळ आसतं. आपल्याकडं कुठनं मिळायचं?"

मला मोहरी सुचली. वाटाणे तळले आणि वरून मूठभर मोहरीची फोडणी ओतली. आत्याबाईंनी एकच दाणा चावला.

"सविता, तेलात जाळल्यावर मोहरीचा झणका ऱ्हातो व्हय? लोणच्याला मोहरी फेसतीस, तवा चुलीवर ठेवतीस का? आईनं काय शिकवलं का न्हाई तुला?"

मग त्याच उठल्या. महिनाभर अंथरुणावर पडलेली बाई भिंत धरत पाट्यापाशी जाऊन बसली. मोहरी वाटली, पाण्याचा शिपका देत फेसली. झणका असा उठला की आम्हा दोघींची नाकं वाहायला लागली. भाजक्या वाटाण्यांना मीठ आणि ती मोहरी चोळून त्यांनी बोकणा भरला आणि डोकं गच्च धरलं.

"हां! आता गेलं बघ टाळूत!" पदरानं डोळे पुसत त्या हसल्या. "बघत काय बसलीस? नुसत्या वाटाण्यानं प्वाट भरतं व्हय? भाकरी टाक."

मी तवा ठेवला. पहिली भाकरी येमाईपुढं ठेवली, दुसरी त्यांच्या ताटात. त्यातली त्यांनी अर्धी खाल्ली. देवीकडं मी दोनच घास मागितले होते.