आत्याचा समुद्र आणि माझं चित्र

चित्रासाठी समुद्र हवा होता, म्हणून गुहागरला निघालो. सांगलीत माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या डिझाइनचं काम. टॅबलेटवर एक तरी मोठं चित्र स्वतःसाठी करावं, ही जुनी हौस. वाट वाकडी करून आत्याला घेतलं, तेही उपकार केल्याच्या थाटात. दहिवडीजवळ तिचं गाव. साठी उलटली, जन्म मेंढरांमागे गेला, समुद्र कधी पाहिला नव्हता.

वडूज, उंब्रज, पाटण करत कुंभार्ली घाट उतरलो. घाटात धुकं आणि ट्रक, त्यामुळे घाई असेल तर ही वाट धरू नका. चिपळूणला जेवताना आत्याने सोलकढीचा एक घोट घेतला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "ह्यापरास ताक बरं." गुहागरला सुरूच्या बनाजवळ बाराशेत स्वच्छ खोली मिळाली.

संध्याकाळी किनाऱ्यावर मला फक्त फ्रेम दिसत होती. आत्या लुगडं सावरत पाण्यात शिरली आणि नेमकी माझ्या लाटेसमोर उभी राहिली.

"आत्या, जरा बाजूला हो की."

"हितंच बरं वाटतंय रं. माजा एक काड. शेजारच्या हौसाला दावायचाय, तिला खरं वाटायचं न्हाई."

काढला. नेमकी त्याच फोटोत लाट सगळ्यात छान आली.

घरी महिनाभर चित्रावर बसलो. आभाळ एका फोटोवरून, वाळू दुसऱ्यावरून, लाट आत्याच्या फोटोवरून. मधली आत्या पुसली आणि तिथे पाणी रंगवलं. इतकं बेमालूम जमलं की स्वतःवरच खूश झालो. मोबाइल भरला होता, म्हणून सगळे फोटो उडवून टाकले. तिने फोटो मागितला होता, हे तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

चित्र कॅनव्हासवर छापून तिच्या गावी नेलं. आत्याने शेजारच्या हौसाबाईंना आणि आणखी दोघींना बोलावून ठेवलं होतं. ती चित्रावर वाकली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत बोट फिरवत राहिली.

"मी कुटं हाय ह्यात?"

हौसाबाई हसल्या. "म्हनं पान्यात गेल्ती. तू पान्याला किती भितीस, ते म्हाईत न्हाई व्हय आमास्नी?"

आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "न्हाई गं, लांबच हुते मी. त्यो फोटू काडत हुता, मी नुसती बगत हुते." आणि ती चहा टाकायला उठली.

मी चहा प्यालो, तिने दिलेल्या शेंगा घेतल्या आणि निघालो.

सांगलीत येऊन तिला चित्रात परत रंगवायला बसलो. लुगड्याचा रंग आठवेना. चेहरा हसरा होता की घाबरलेला, तेही सांगता येईना. लाटेचा फेस कुठे कसा फुटला, ते मात्र डोळे मिटून काढता येतं. याची लाज वाटते. गुहागर सुंदर आहे, जरूर जा, पण सोबतच्या माणसाकडेही बघा.

शेवटी फोन केला. म्हटलं, "आत्या, मी येऊन हौसाबाईंना सांगतो, तू गुडघाभर पाण्यात उभी होतीस."

"नगं रं," ती म्हणाली. "आता तू सांगितलंस तर तिला वाटंल, मीच तुला पढवून आनलंय."