सूतभर अस्तर

नातीच्या ब्लाउजच्या गळ्यावर इस्त्री फिरवली, गरम सुताचा वास आला आणि देवळी गावातला शिवणवर्ग आठवला. तिसऱ्यांदा शिवूनही माझं अस्तर गळ्यातून बाहेर डोकावत होतं. शिकवणाऱ्या काकूंनी सगळ्या मुलींसमोर ब्लाउज माझ्या मांडीवर टाकला.

"उसव. तुह्या हाताले सफाईच नाई."

त्या दिवसानंतर मी वर्गाला गेलेच नाही. चाळीस वर्षं माझ्याच हातांना नावं ठेवत आले.

आज मोबाइलवर पाहून अस्तर कापतानाच सूतभर लहान ठेवलं, तर ते गुमान आत वळलं. दोष शिलाईत नव्हताच, कापण्यात होता. आणि कात्रीला तर काकू आम्हाला हातही लावू देत नसत. कापायच्या त्या, उसवायचो आम्ही.