वैद्यबुवांचा तळहात

माझ्या दादाला सगळे वैद्यबुवा म्हणतात. औषधपाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. डोकं दुखलं तरी गोळी घेताना तीनदा विचार करतो. पण जुनी गाडी विकत घ्यायची म्हटली की लोक आधी ती त्याच्याकडे आणतात. बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि नाडी बघितल्यासारखा तळहात टेकून उभं राहायचं, ही त्याची पद्धत. त्याने होकारार्थी मान हलवली की घेणारा गाडी घेतो. नाही हलवली की विकणारा शिव्या घालत जातो. त्याच्या गॅरेजचा फोन मी सांभाळते, त्यामुळे त्या शिव्या मलाच ऐकाव्या लागतात.

तेलगळतीच्या बाबतीत दादा भलताच काटेकोर. इंजिन धुऊन चकचकीत करून आणलं की हातच लावायचा नाही. “आंघोळ घालून आणलंय म्हणजे काहीतरी लपवलंय. चार दिवस चालवा, मळू दे, मग या,” असं तोंडावर सांगायचा. तेल खाली टपकतं म्हणून गळती खालीच असते असं नाही. ते वरून ओघळतं, वाऱ्याने मागे जातं, म्हणून ओलाव्याची सगळ्यात वरची जागा शोधायची. नाहीच सापडली तर इंजिन पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची, गाडी वीस मिनिटं फिरवून आणायची आणि पावडर कुठे भिजली ते बघायचं. एकदा तर माझा नवाकोरा डबा त्याने एका खटारा गाडीवर संपवला. विचारलं तर म्हणतो, “तिला जास्त गरज होती.”

इंजिन ज्या रबरी पायांवर बसलेलं असतं, त्या माउंटिंगची गोष्ट मात्र वेगळी. बाकीचे मेकॅनिक कुणालातरी आत बसवतात, ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच जरासा सोडायला सांगतात आणि इंजिन किती उसळतं ते डोळ्यांनी बघतात. दादाला तो तमाशा वाटायचा. “मला हात आहेत,” म्हणायचा. आणि खरं सांगते, तीस वर्षं तो हात चुकला नव्हता.

माझी लेक नर्स आहे. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधते. दिवसाला आठ-दहा घरं होतात, म्हणून तिने जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. अर्थातच मामाने बघितली. इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग गळत होतं, तेल ओघळून खाली गेलं होतं. पॅकिंग त्याने बदललं, सगळं पुसलं, माउंटिंगवर तळहात टेकला आणि मान हलवली. मी तर गाडीकडे धड बघितलंसुद्धा नाही. दादाने बघितल्यावर मी काय बघणार, कपाळ?

तीन आठवड्यांनी लेक कामावरून आली ती पांढरीफटक पडून. भर चौकात वळताना इंजिनात दणका बसला, गिअर आपोआप सुटला आणि परत पडेचना. मागून ट्रक आला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. दोन्ही गाड्यांमध्ये वीतभर अंतर राहिलं होतं. मग कसाबसा पहिला गिअर पडला, त्यावरच ती घरापर्यंत आली.

“आधी काही जाणवलं नव्हतं का गं?” मी विचारलं.

“सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. रिव्हर्स टाकला की धप्प व्हायचं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मामाने बघितलेली गाडी आहे, आई. त्याला काय वाटेल?”

असा संताप आला! तिचा आला, दादाचा आला आणि माझा स्वतःचा तर सगळ्यात जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पहिल्या गिअरमध्ये गोगलगाईसारखी गाडी हाकत गॅरेजात गेलो. मी दादाला काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला लावलं आणि आत हात घालून उभा राहिला. मी पुढच्या सीटवर बसले होते. माझे दात वाजत होते, आरसा थडथडत होता.

“माउंटिंग ठणठणीत आहे,” दादा म्हणाला. “गिअरची तार सैल असेल. आणि पोरीला अजून गाडीची सवय नाही.”

“सवय नाही? अरे, मी बसलेय तर माझी कवळी बाहेर यायची वेळ आलीय!”

मी तणतणत उतरले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कसला तरी करपल्याचा वास आला. आधी मला वाटलं तेल जळतंय. मग दिसलं. दादाचा तळहात माउंटिंगवर होता आणि करंगळीकडची कड सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाला चिकटली होती. तो तसाच उभा होता, आणि मला गिअरच्या तारेबद्दल समजावत होता.

मी किंचाळले आणि त्याचं मनगट धरून ओढलं. कातडी पांढरी पडून सोलवटली होती. दादाने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. तो घाबरला होता.

लेकीने इंजिन बंद केलं. मामाला स्टुलावर बसवून हात गार पाण्याखाली धरला, मग आपल्या बॅगेतली पट्टी बांधली. तिचा चेहरा आता भाचीचा राहिला नव्हता, नर्सचा झाला होता. “मामा, डोळे मीट,” ती म्हणाली. तिने पिन घेतली आणि त्याच्या दुसऱ्या, चांगल्या हाताच्या बोटांना एकेक करून टोचत गेली.

थोड्या वेळाने दादा म्हणाला, “टोच ना. कशाची वाट बघतेस?”

तिचं पाचही बोटांना टोचून झालं होतं. एका बोटावर रक्ताचा थेंब आला होता. मला रडू फुटलं.

“शुगर शेवटची कधी तपासलीस?” तिने विचारलं.

“मी काय साखर खातो?” तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. मग मान खाली घालून सांगू लागला. वर्ष झालं असेल. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग पाने हातातून सुटू लागले. वयाचं असेल म्हणाला. माउंटिंगवर हात ठेवायचा, काही कळायचं नाही, आणि काही कळत नाही म्हणजे गाडी शांत आहे असं समजायचा.

“समजायचास? की तशी समजूत करून घ्यायचास?” मी ओरडले. “माझी लेक त्या गाडीत बसते रे! मेली असती काल!”

लेक मला गप्प करायला आली, तर मी तिच्यावरही ओरडले. मग तिलाच आत बसवलं, ब्रेक दाबून क्लच सोडायला लावला आणि दादाला दंडाला धरून इंजिनासमोर उभं केलं. “आता डोळ्यांनी बघ.” इंजिन चांगलं चार बोटं उसळलं आणि धाडकन बसलं. वरून ओघळलेलं तेल महिनोन्महिने पिऊन माउंटिंगचं रबर लगदा झालं होतं, मधोमध फाटलं होतं. बाहेर उभ्या माणसालाही दिसलं असतं.

“बाई,” दादा म्हणाला. लहानपणी काही मोडलं की मला अशीच हाक मारायचा. “या वर्षात किती गाड्या पास केल्या गं मी?”

मला आकडा माहीत होता. सांगवेना. खोटं का बोलू, एक क्षण मनात आलं, सांगूच नये. वैद्यबुवांचे हात गेले हे एकदा बाहेर फुटलं की या दारात कोण येणार? आम्ही दोघं करणार काय? पण लेक समोर उभी होती, चौकातून वाचून आलेली.

“साठच्या वर,” मी म्हणाले.

त्याने फोन मागितला. बोटांना बटणं कळेनात, म्हणून नंबर मी लावून दिला आणि स्पीकर चालू केला. पहिला नंबर एका आजोबांचा होता. नातवंडांना शाळेत सोडायला त्यांनी गाडी घेतली होती.

“मी वैद्यबुवा बोलतोय,” दादा म्हणाला. “गाडी परत दाखवायला आणा.”

आजोबा मोठ्याने हसले. “कशाला हो हेलपाटा? तुम्ही हात लावलाय म्हटल्यावर बघायचं काय राहिलं?”

दादाने पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं. मी फोन त्याच्या तोंडाजवळ धरला होता.

“मी हात लावलाय म्हणूनच सांगतोय,” तो म्हणाला. “आजच या. आणि येताना पोरांना गाडीत घेऊ नका.”